नवी पेठ आणि जुनी पत

व्यापाराच्या भाषेत 'पत' या दोन अक्षरी शब्दाला जे मोल आहे, ते 'भांडवल' या शब्दालाही नाही. भांडवल उसने मिळू शकते. पत उसनी मिळत नाही. जुन्या पेठेत ती कशी तयार होई, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला पिढ्यान् पिढ्या ओळखत असे, गिऱ्हाईक त्याचा तराजू ओळखत असे, आणि ऐन सणाला खोबरे खवट निघाले तर दुसऱ्या दिवशी ते परत घेण्यावाचून दुकानदाराला गत्यंतर नसे. कारण संध्याकाळी देवळात दोघांची गाठ पडावयाचीच असे. पेठ लहान होती, माणसे तीच ती होती आणि तोंड चुकविण्यास जागा नव्हती. या सततच्या सहवासातून जो विश्वास उत्पन्न होई, त्यालाच लोक पत म्हणत.

आजची पेठ निराळी आहे. देवगडचा बागायतदार आपला हापूस इंदूरच्या कुटुंबाला विकतो, येवल्याचा विणकर आपली पैठणी बंगळूरच्या नववधूला पाठवितो, आणि पुण्यातील एखादी गृहिणी आपल्या हातची भाजणी व मेतकूट बडोद्याच्या मराठी घरात पोहोचविते. विकणारा आणि घेणारा यांची आयुष्यात एकदाही गाठ पडत नाही. दोघांच्या मध्ये असतो तो फोनचा वीतभर पडदा. या पडद्यावर पत कशी निर्माण व्हावी, हा आज असंख्य लहान उत्पादकांपुढील प्रश्न आहे. वरवर पाहता तो जाहिरातीचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात तो पोटाचा प्रश्न आहे.

या नव्या पेठेचे वय फारसे नाही. फेसबुक २००४ साली सुरू झाले, यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. आपल्या देशात या साधनांचा खरा प्रसार झाला तो २०१६ नंतर. त्या वर्षी मोबाइलवरील इंटरनेटचे दर एकाएकी कोसळले आणि त्याच वर्षी यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची सोयही सुरू झाली. माल दाखविणे, भाव सांगणे आणि पैसे घेणे या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रावर होऊ लागल्या. ज्याच्यापाशी गाळा घेण्याइतके पैसे नव्हते, त्यालाही दुकान मांडता येऊ लागले. ही गोष्ट लहान नव्हे. मात्र दुकान मांडणे सोपे झाले, म्हणजे दुकानावर विश्वास बसणे सोपे झाले, असे नाही. किंबहुना जेथे कोणालाही दुकान मांडता येते, तेथे प्रत्येक दुकानाकडे थोड्या संशयानेच पाहिले जाते.

या माध्यमांत एखाद्याचे लेखन व चित्रे नियमितपणे पाहणाऱ्याला 'फॉलोअर' म्हणतात. मराठीत त्याला 'अनुयायी' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. परंतु अनुयायी हा पंथाचा असतो, दुकानाचा नव्हे. या नात्याला अधिक जवळचा असा एक जुना मराठी शब्द आहे, तो म्हणजे 'वर्गणीदार'. मासिकाचा वर्गणीदार पुढचा अंक पाहण्याआधीच वर्षाचे पैसे भरतो. मागचे अंक त्याने वाचलेले असतात आणि पुढचाही वाचण्याजोगा निघेल, असा त्याचा भरवसा असतो. उत्पादकाच्या उपयोगी पडणारा अनुयायी असतो तो असाच. त्याची नुसती नोंद झालेली नसते. पुढे काय येते याची तो वाट पाहत असतो.

असे वर्गणीदार मिळवून मालाची पत वाढविण्याचा एक फार मोठा प्रयोग महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घेण्यास धजेनात. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी समजूत होती. नांगर उत्तम होता, पण ज्याला तो घ्यावयाचा त्याच्या मनात शंका होती. आणि मनातील शंका नुसत्या किमतीच्या पाटीने जात नाही. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' हे लहानसे पत्र काढण्यास प्रारंभ केला. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा आरंभीचा हेतू होता. परंतु जे पत्र केवळ स्वतःच्याच मालाची स्तुती करते, ते कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही, हे शंकररावांनी ओळखले असले पाहिजे. त्या पत्रातून वाचकाच्या स्वतःच्या आयुष्याला उपयोगी पडणारा, उद्योगाची उमेद वाढविणारा मजकूर येऊ लागला. पाहता पाहता खबरीचे 'किर्लोस्कर' मासिक झाले; १९३० साली त्याला 'स्त्री' या मासिकाची आणि १९३४ साली 'मनोहर'ची जोड मिळाली. नांगर न घेणाऱ्या घरांतही किर्लोस्कर हे नाव आपलेपणाने उच्चारले जाऊ लागले. आज समाजमाध्यमांवर व्यवसाय करणाऱ्याला जे शिकावयाचे आहे, त्याचा बराच भाग या एका उदाहरणात आलेला आहे.

परंतु आजच्या उत्पादकापुढे एक मोह असा उभा आहे, की जो शंकररावांपुढे नव्हता. हा मोह आकड्याचा. मासिकाच्या वर्गणीदारांची संख्या संपादकाच्या वहीत असे. समाजमाध्यमावरील अनुयायांची संख्या मात्र दुकानाच्या पाटीसारखी दारावरच टांगलेली असते. शेजारच्या विक्रेत्याच्या नावापुढे पन्नास हजारांचा आकडा आणि आपल्यापुढे दोनशेंचा, हे रोज पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो. आणि नेमक्या अशा वेळी कोणीतरी सांगतो की, थोडक्या रुपयांत दहा हजार अनुयायी मिळवून देतो.

हे अनुयायी कोठून येतात, याचा एक मोठा उलगडा २०१८ च्या जानेवारीत झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने देवुमी नावाच्या एका अमेरिकन कंपनीचे व्यवहार उघडकीस आणले. या कंपनीपाशी यंत्राने चालविलेली निदान ३५ लाख खाती होती आणि तीच ती खाती पुनःपुन्हा विकून तिने आपल्या गिऱ्हाइकांना सुमारे २० कोटी अनुयायी पुरविले होते. त्यांपैकी हजारो खात्यांवर खऱ्याखुऱ्या माणसांची नावे आणि छायाचित्रे त्यांच्या नकळत वापरलेली होती. २०१९ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणात कारवाई केली. २०२० साली मुंबई पोलिसांनीही खोटे अनुयायी विकण्याच्या धंद्याची चौकशी हाती घेतली; म्हणजे हा रोग केवळ परदेशीचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. माध्यमे चालविणाऱ्या कंपन्याही अधूनमधून सफाई करतात. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने आणि जुलै २०१८ मध्ये ट्विटरने अशा संशयास्पद खात्यांची गणती काढून टाकली, तेव्हा जगातील मोठमोठ्या नामांकितांचे आकडे एका रात्रीत खाली आले.

पकडले जाण्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरी खोट्या अनुयायांनी होणारे नुकसान काही कमी नाही. ते समजण्यासाठी ही माध्यमे चालतात कशी, हे पाहिले पाहिजे. एखाद्या विक्रेत्याने नवे चित्र वा चलचित्र प्रसिद्ध केले, म्हणजे ते त्याच्या सर्व अनुयायांना एकदम दिसते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. कोणाला काय दाखवावयाचे, हे यंत्रातील गणित ठरविते, आणि ते गणित लोकांच्या वागण्यावर बसविलेले असते. ज्यांना ते चित्र दिसले ते त्यावर थांबले का, त्यांनी ते पुरते पाहिले का, जपून ठेवले का, दुसऱ्या कोणाला पाठविले का, त्याखाली काही लिहिले का, यांवरून ते आणखी किती जणांना दाखवावे, हे ठरते. आता ज्याने दहा हजार निर्जीव खाती विकत घेतली, त्याचे चित्र अशाच खात्यांपुढे जाऊन पडते. ती थांबत नाहीत आणि बोलतही नाहीत. यंत्र अनुमान काढते की, या विक्रेत्यापाशी पाहण्यासारखे काही नाही. आणि जे दोनशे जण खरोखर उत्सुक होते, त्यांच्यापर्यंतही ते चित्र पोहोचेनासे होते. पैसे देऊन त्याने स्वतःच्याच दुकानापुढे भिंत बांधून घेतलेली असते.

कोकणातील बागायतदारांना या प्रकाराची उपमा घरीच सापडेल. हापूसच्या फळात 'साका' नावाचा दोष असतो. फळ बाहेरून सोन्यासारखे पिवळे असते, वासही येतो; पण कापल्यावर आतला गर पांढुरका, स्पंजासारखा आणि बेचव निघतो. बाहेरून तो ओळखू येत नाही, म्हणूनच त्याचे भय अधिक. विकत घेतलेला लोकसंग्रह हा असा साका धरलेल्या आंब्यासारखा आहे. जो कापील, त्यालाच तो कळेल. आणि पहिल्यांदा कापण्याची पाळी बहुधा मालकावरच येते.

हापूसचाच विषय निघाला आहे, तर एखाद्या लहान बागायतदाराच्या बाबतीत हा प्रश्न कसा उभा राहतो, ते पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, देवगड तालुक्यात कोणा एका बागायतदाराची मध्यम आकाराची बाग आहे. आजवर त्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जात होत्या. दलाल भाव लावी आणि पट्टी येईल तेवढ्यावर समाधान मानावे लागे. आता थेट गिऱ्हाइकाला माल पाठवावा, असे त्याने ठरविले आहे. त्याचा हंगाम मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा. या तीन महिन्यांत वर्षाचा संसार, पुढच्या वर्षीच्या फवारण्या, मजुरी आणि मुलांचे शिक्षण बसवावयाचे असते. एप्रिलमध्ये विकली न गेलेली पेटी जूनमध्ये विकता येत नाही. त्यातच देवगडचे नाव लावून परप्रांतीचा आंबा विकणारे शेकडो आहेत. हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी दूरच्या गिऱ्हाइकाला अस्सल कोणता आणि नक्कल कोणती, हे पेटीवरून कळत नाही. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर निराळा क्रमांक असलेली चिकटपट्टी लावण्याची योजना पुढे आणली. विश्वास हीच या व्यापारातील दुर्मिळ वस्तू आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

अशा बागायतदाराने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा, की त्याला लोक हवेत तरी किती? समजा, थेट विक्रीसाठी त्याच्यापाशी ६०० पेट्या आहेत आणि एक कुटुंब हंगामात ३ पेट्या घेते. म्हणजे त्याला २०० कुटुंबे हवीत. काही गळतील, काही नवी येतील, हे धरून ३०० कुटुंबांशी त्याचा जिव्हाळा जमला, तर त्याचा हंगाम सुरक्षित झाला. पन्नास हजार लोकांनी त्याच्या आंब्याचे चित्र पाहून वाहवा केली, तरी त्यांना देण्यास त्याच्यापाशी आंबा कोठे आहे? अमेरिकन लेखक केविन केली यांनी २००८ साली असाच विचार मांडला होता. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंताला लाखोंची गर्दी नको. त्याने केलेले सर्व काही घेणारे एक हजार निष्ठावंत रसिक असले, तर त्याचा चरितार्थ चालतो, असे त्यांचे म्हणणे. आकडा प्रत्येकाचा निराळा राहील. पण तो शेजाऱ्याच्या पाटीवरून न काढता स्वतःच्या झाडांवरून, मागांवरून किंवा चुलीवरून काढावा, हे तत्त्व सर्वांना लागू आहे.

दुसरा प्रश्न, या ३०० कुटुंबांशी बोलावयाचे काय? 'आंबा आला, त्वरा करा' एवढेच वर्षातून तीन महिने सांगणारा विक्रेता उरलेले नऊ महिने लोकांच्या विस्मरणात जातो. वास्तविक सांगण्याजोगे बहुतेक सारे त्या नऊ महिन्यांतच घडत असते. पावसाळ्यानंतर बागेची साफसफाई होते. थंडी पडली की मोहोर फुटतो. तुडतुड्यांचा उपद्रव सुरू होतो. अवकाळी पाऊस येतो आणि एका रात्रीत निम्मा मोहोर गळतो. कैरी केव्हा उतरवावी, झेल्याने देठासकट का काढावी, पेंढ्यात अढी कशी घालावी, पेटी घरी पोहोचल्यावर ती लगेच शीतकपाटात का ठेवू नये, हे सारे बागायतदाराला इतके परिचयाचे असते की, त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतही नाही. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलाला मात्र ते कथेसारखे वाटते. ज्याने मोहोर गळालेला पाहिला, तो मार्चमध्ये भाव चढा का, असे विचारीत नाही. त्याला कारण ठाऊक असते; आणि कारण ठाऊक असलेले गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही.

पुष्कळांना भीती असते की, धंद्यातील ज्ञान असे फुकट वाटून टाकले, तर विकावयाचे काय? अनुभव याच्या उलट आहे. मधुरा बाचल यांनी २००९ साली यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास आरंभ केला. साधी भांडी, घरातले साहित्य आणि पुढे घरातलीच मराठी भाषा, असा तो प्रकार. कोणतीही कृती त्यांनी हातची राखून ठेवली, असे कोणाला वाटले नाही. देशोदेशींच्या मराठी स्वयंपाकघरांत त्यांचा आवाज ओळखीचा झाला आणि त्यानंतर त्यांनी आपले मसाले बाजारात आणले. आधी ओळख आणि मग माल, हा क्रम येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचे उदाहरणही असेच आहे. काही चुलत भावंडे आणि त्यांचे आजोबा यांनी २०१८ साली शेतात उघड्यावर चूल मांडून मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करण्याची चित्रे दाखविण्यास सुरुवात केली. ना भपका, ना उसनी भाषा. २०२१ पर्यंत त्यांना नियमितपणे पाहणाऱ्यांची संख्या १ कोटीवर गेली. तामिळ न समजणारे लोकही त्यांत होते. जे आहे ते जसेच्या तसे दाखविले जात आहे, ही खात्री पटावयाला भाषाही आड येत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. या उदाहरणांवरून, सचोटीने वागणाऱ्याला एक कोटी लोक मिळतातच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अशी यशे विरळा असतात आणि त्यांत योगायोगाचाही भाग असतो. सचोटीने वागूनही वर्ष-दोन वर्षे कोणी फिरकत नाही, असेही होते. सचोटीमुळे जे मिळते, ते टिकते, एवढेच खात्रीने म्हणता येईल. पैसे देऊन उघडपणे जाहिरात करणे हाही काही दोष नव्हे. जाहिरातीमुळे लोकांची पहिली नजर मिळते. दुसरी नजर मात्र ज्याने त्याने आपल्या वागण्यानेच मिळवावी लागते.

हे वागणे म्हणजे मुख्यतः उत्तर देणे. समाजमाध्यम हे ध्वनिक्षेपकासारखे एकेरी नाही. ते दुकानाच्या फळीसारखे आहे. फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाने काही विचारले असता दुकानदार आत निघून गेला, तर गिऱ्हाईक काय समजेल? 'भाव काय?' या साध्या प्रश्नाला 'खासगीत विचारा' असे उत्तर देणारे विक्रेते पुष्कळ आढळतात. माणूस पाहून भाव सांगण्याचा हा प्रकार आहे, अशी शंका त्यातून येते. भाव उघड असावा, वाहतुकीचा खर्च उघड असावा आणि माल केव्हा पोहोचेल हे जपून सांगितलेले असावे. चार दिवस सांगून तीन दिवसांत पोहोचविणारा शहाणा; दोन दिवस सांगून तीन दिवसांत पोहोचविणारा तोच माल देऊनही दोषी ठरतो.

आणि खरी कसोटी लागते ती चूक झाल्यावर. पुन्हा त्या साक्याकडेच वळू. पेटीतील चार आंबे साका धरलेले निघाले आणि गिऱ्हाइकाने त्यांचे चित्र सर्वांसमक्ष प्रसिद्ध केले, तर बागायतदाराने काय करावे? काही जण ती तक्रार पुसून टाकतात. गिऱ्हाइकाला ते कळतेच. मग तो ती दुसऱ्या दहा ठिकाणी लिहितो. शहाणा बागायतदार तेथेच, सर्वांच्या देखत उत्तर देतो: हा दोष बाहेरून ओळखता येत नाही, तो असा असा उत्पन्न होतो, चार फळांचे पैसे परत पाठविले आहेत. ही दोन ओळींची नोंद वाचणारे शेकडो लोक असतात. त्यांच्यापैकी प्रत्येक जण मनाशी म्हणतो की, माझ्या पेटीत असे काही निघाले, तर हा माणूस तोंड चुकविणार नाही. पूर्वी देवळाच्या पायरीवर जी गाठ पडे, ती येथे पडते. चार आंब्यांच्या किमतीत त्याने जे मिळविले, ते चार हजारांच्या जाहिरातीनेही मिळाले नसते.

आता एका निराळ्या धोक्याचा विचार केला पाहिजे. लोकसंग्रह कितीही खरा असला, तरी तो ज्या माध्यमावर जमविलेला असतो, ते माध्यम विक्रेत्याच्या मालकीचे नसते. परक्याच्या जमिनीवर लावलेल्या बागेसारखी ती स्थिती आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ परदेशी ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. बंदीमागची कारणे राष्ट्रीय सुरक्षिततेची होती. परंतु ज्या हजारो लहान गावांतील मुलामुलींनी आणि छोट्या विक्रेत्यांनी तेथे दोन-तीन वर्षे खपून ओळख निर्माण केली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याच लोकांशी बोलण्यास जागा उरली नाही. ते लोक कोण होते, कोठे राहत होते, याची कोणतीही नोंद बहुतेकांपाशी नव्हती. बंदी ही तर टोकाची गोष्ट झाली. माध्यमाने आपले गणित नुसते बदलले, तरी कालपर्यंत हजारांना दिसणारा मजकूर आज शेकड्यांवर येतो.

यावरचा उपाय जुन्या दुकानदाराच्या चोपडीत आहे. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, मागच्या वर्षी काय घेतले आणि काय आवडले नाही, ही नोंद प्रत्येक उत्पादकाने स्वतःपाशी ठेवावी. ती गिऱ्हाइकाच्या संमतीने ठेवावी आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्याचा गाभाही संमती हाच आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बागायतदाराने या नोंदीतील प्रत्येक घरी चार ओळींचा निरोप पाठविला आणि मागच्या वर्षीच्या मागणीची आठवण ठेवून विचारणा केली, तर कोणत्याही माध्यमाची मर्जी राखण्याची त्याला गरज उरत नाही. समाजमाध्यम हे ओळख करून घेण्याचे अंगण आहे. माणसे घरात आणावयाची असतात.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहिली पाहिजे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लागू आहे, मग त्या वृत्तपत्रात असोत वा फोनच्या पडद्यावर. मोबदला किंवा भेटवस्तू घेऊन एखाद्या मालाची शिफारस करणाऱ्याने तो संबंध स्पष्टपणे जाहीर केला पाहिजे, असे केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत ते अधिक सोप्या भाषेत समजाविले आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवरील ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय विकत घेतलेला वा बनावट नसावा, हा त्याचा हेतू. अमेरिकेत तर २०२४ साली खोटे अभिप्राय आणि खोटे अनुयायी यांच्या खरेदीविक्रीवरच निर्बंध आले. लहान उत्पादकाला हे सारे नियम जाचक वाटण्याचे कारण नाही. जो खोट्या मापाने विकतो, त्यालाच मापे तपासणारा अधिकारी नकोसा वाटतो. प्रामाणिक माणसाची बाजू बाजारात पडते ती शेजारी खोटे माप खपून जाते तेव्हा. म्हणून हे नियम वस्तुतः त्याच्याच संरक्षणासाठी आहेत.

तर मग यशाचे मोजमाप कोणते? ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक विचार प्रसिद्ध आहे. कोणतेही मोजमाप हेच साध्य होऊन बसले, की ते चांगले मोजमाप उरत नाही, असा त्याचा आशय. अनुयायांच्या आकड्याचे नेमके हेच झाले आहे. तो एके काळी पतीची खूण होता. लोक ती खूणच विकत घेऊ लागले आणि खुणेची किंमत गेली. ज्या गोष्टी सहजी विकत घेता येत नाहीत, त्याच मोजाव्यात. मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी यंदा किती परत आले? नव्यांपैकी कितींनी सांगितले की, अमक्या नातेवाइकाने नाव सुचविले? किती जणांनी प्रश्न विचारले आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारले? हे आकडे लहान असतात, कोणत्याही पाटीवर झळकत नाहीत आणि त्यांची वाढ संथ असते. परंतु दुकान चालते ते याच आकड्यांवर.

आंब्याचे कलम लावल्यावर पहिली काही वर्षे त्याला येणारा मोहोर जाणता बागायतदार खुडून टाकतो. झाड कोवळे असताना फळ धरू दिले, तर त्याची वाढ खुंटते, हे त्याला ठाऊक असते. शेजाऱ्याच्या झाडाला फळे लटकलेली दिसत असताना स्वतःच्या झाडाचा मोहोर खुडावयाला मन घट्ट करावे लागते. ज्याला हे बागेत जमते, त्याला फोनच्या पडद्यावर न जमण्याचे कारण नाही. इंदूरच्या एखाद्या घरी मे महिन्याच्या दुपारी पेटी उघडली जाईल, घरातील आजी पहिला आंबा हातात घेऊन वास घेईल आणि म्हणेल, 'पुढच्या वर्षीही यांच्याकडूनच मागवा.' ते वाक्य कोणत्याही यंत्रात मोजले जाणार नाही. पण देवगडच्या त्या बागायतदाराचा पुढचा हंगाम त्या वाक्यावरच उभा असेल.